सहावे ताट

जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर गेली; पण घरात ठेवायला माणूस मिळत नाही, ही तक्रार आहे तिथेच आहे. "माणूस मिळत नाही हो!" हे वाक्य मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकले, लग्नानंतर सासूबाईंच्या तोंडून ऐकले आणि पुढे नोकरीच्या दिवसांत स्वतः इतक्या वेळा म्हटले, की आमचे हे मला चिडवायचे, "अगं, मग मी माणूस नाही का?" त्यावर माझे उत्तर ठरलेले असे : "आहात हो! पण मुलांना शाळेतून आणणारे माणूस नाही!"

तेच वाक्य २०२३ च्या उन्हाळ्यात मी सूनबाईच्या तोंडून ऐकले, आणि तेही अमेरिकेत. तिथे कपडे धुवायला यंत्र, भांडी घासायला यंत्र, केर काढायला आपला आपण घरभर फिरणारे यंत्र. पण दुपारी तीन वाजता शाळेच्या बसमधून उतरणाऱ्या पोराचे दप्तर हातात घेऊन, "आज डबा का उरवलास?" असे विचारणारे यंत्र अजून कोणी काढलेले नाही.

आमचे चिरंजीव न्यू जर्सीत राहतात. सकाळी साडेसातच्या गाडीने न्यूयॉर्कला जातात, संध्याकाळी सात वाजता परततात. सूनबाई औषधांच्या कंपनीत संशोधनाचे काम करते. तीही साडेसहाच्या आत घरी येत नाही. नातू दहा वर्षांचा, नात सात वर्षांची. तीन ते साडेसहा हे साडेतीन तास म्हणजे त्या घराचे खिंडार. करोनाच्या दोन वर्षांत दोघेही घरून काम करीत, तेव्हा ते खिंडार कोणाला दिसले नाही. कचेऱ्यांनी पुन्हा बोलावणे धाडल्यावर ते उघडे पडले.

तिकडच्या आपल्या घरांत यावर एक जुना उपाय आहे. तो म्हणजे आज्यांची पाळी. सहा महिने मुलाची आई, सहा महिने मुलीची आई. पाहुण्यांना विमानतळावर बहुधा सहाच महिने राहण्याची परवानगी मिळते, म्हणून पाळीही सहा महिन्यांची. आमच्या विहीणबाईंनी आणि मी अशा कितीतरी पाळ्या केल्या. पण त्यांचे गुडघे गेले आणि माझी चौऱ्याहत्तरी आली. त्या वर्षी एप्रिलमध्ये मी पोहोचले, तेव्हाच सूनबाईने हळूच सांगितले, "आई, या वेळी तुम्ही नुसत्या राहायला आलात. आम्ही मुलांसाठी ओ पेअर बघतोय."

मला ते 'पेरू' असे ऐकू आले. पेरू देशातून कोणी बाई येणार अशी मी समजूत करून घेतली आणि दोन दिवस गप्प राहिले. मग नातवाने खुलासा केला. ओ पेअर हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ 'बरोबरीने'. परदेशातली तरुण मुलगी (क्वचित मुलगाही) वर्षभर एखाद्या कुटुंबात राहते, मुलांना सांभाळते, त्या देशाची भाषा शिकते. तिला जेवण, राहायला खोली आणि हातखर्चाला पैसे मिळतात. ती मोलकरीण नव्हे आणि पाहुणीही नव्हे, घरच्यांच्या बरोबरीची. युरोपात ही चाल जुनी. १९६९ साली स्ट्रासबुर्ग येथे कौन्सिल ऑफ युरोपने तिच्यासाठी एक करारही केला आणि त्यात दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको असे घालून दिले. अमेरिकेत ही योजना १९८६ साली सुरू झाली. ते साल ऐकून मी जराशी दचकले. का, ते पुढे सांगते.

नियमांचे बाड सूनबाईने माझ्यापुढे टाकले. "आई, तुम्ही पोस्टाच्या हिशेब खात्यातल्या. बघा बरं काही चुकतंय का." मी चष्मा लावून दोन दुपारी ते वाचले. वाचण्यासारखेच होते.

मुलगी १८ ते २६ वर्षांची हवी, शालान्त शिकलेली हवी, इंग्रजी बोलणारी हवी. घेणारे कुटुंब अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्ड मिळालेले हवे. म्हणजे आमच्या चिरंजिवांच्या हाती ते कार्ड येईपर्यंत ही सोय त्यांना नव्हतीच. कामावर रुजू होण्यापूर्वी मुलीला ३२ तासांचे शिक्षण : मुलांची सुरक्षितता आणि बालसंगोपन. नेहमीच्या प्रकारात आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास, दिवसाला १० तास काम. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एक शनिवार-रविवार पूर्ण मोकळा, वर्षातून दोन आठवडे पगारी रजा. काम फक्त मुलांचे. मुलांचे कपडे, मुलांची खोली, मुलांचे खाणे. थोरामोठ्यांचे कपडे तिने धुवायचे नाहीत. तिला स्वतंत्र खोली द्यायची. आणि तिने वर्षभरात कॉलेजात काहीतरी शिकलेच पाहिजे. त्यासाठी ५०० डॉलरपर्यंत खर्च कुटुंबाने सोसायचा.

हातखर्च आठवड्याला १९५ डॉलर ७५ सेंट. हा आकडा मला विचित्र वाटला. पावणेदोनशे नाही, दोनशे नाही, मग ही चिल्लर कुठून आली? मी कागद घेऊन बसले. देशाचे किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर. ४५ तासांचे झाले ३२६ डॉलर २५ सेंट. त्यातून राहण्याजेवण्याचे शेकडा ४० कापले, म्हणजे १३० डॉलर ५० सेंट. बाकी राहिले बरोबर १९५.७५. हिशेब जुळला तसे मला बरे वाटले, आणि लगेच बरे वाटेनासे झाले. बरोबरीच्या माणसाच्या जेवणाचे पैसे कापतात का?

शाळेत जाणारी मुले असलेल्या घरांसाठी 'एज्युकेअर' नावाचा दुसरा प्रकार निघाला. त्यात काम आठवड्याला ३० तासच, हातखर्च पाऊणपट, म्हणजे १४६ डॉलर ८१ सेंट. पण शिक्षण दुप्पट आणि त्याचा खर्च १,००० डॉलरपर्यंत कुटुंबाकडे. आमच्या घरी हाच बसत होता. सकाळी दीड तास, दुपारी साडेतीन तास. पाच दिवसांचे २५ झाले. वर पाच तास अडीनडीला. शिवाय मुलगी गाठून देणाऱ्या संस्थेची फी वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास. ती ऐकून मी म्हणाले, "एवढ्या पैशांत आपल्याकडे कोकणातून एखादी—" आणि थांबले. चिरंजीव वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी वर पाहिले नाही. पण पानही उलटले नाही.

मग सुरू झाला मुली पाहण्याचा कार्यक्रम. पोहे नव्हते एवढेच. टेबलावर संगणक उघडायचा, त्याच्यासमोर चिरंजीव, सूनबाई, मध्ये दोन मुले आणि कडेला मी. पडद्यावर कुठल्यातरी दूरदेशीची मुलगी, पाठीमागे तिच्या घरची भिंत. मी आयुष्यात चार मुली पाहिल्या आणि दोनदा स्वतः पाहिली गेले, म्हणून या कामात मी स्वतःला जाणकार समजत होते. पण इथली रीत वेगळी होती. प्रश्न तिलाही विचारायचे असत, आणि नकार देण्याचा हक्क तिलाही होता.

तो हक्क त्यांनी मनमुराद वापरला. पहिली जर्मनीची. तिने विचारले, "समुद्र किती लांब आहे?" आम्ही अंतर सांगितले. दुसऱ्या दिवशी तिचा नम्र नकार आला. दुसरी ब्राझीलची. तिला सुट्टीच्या दिवशी मोटार हवी होती. चिरंजिवांनी "ठरवू" म्हटले; तिने आम्हाला ठरवू दिले नाही. तिसरीने घरात मांस शिजवता येईल का, असे विचारले. सूनबाईने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले, आणि तीही गेली. लागोपाठ तीन नकार! आमच्या घराण्यात हे प्रथमच घडत होते. रात्री मी सूनबाईला म्हणाले, "आपल्यात काय उणं आहे गं?" ती हसून म्हणाली, "आई, आता कळलं ना, त्या पोह्यांच्या वेळी मुलीला काय वाटतं ते?"

चौथी कोलंबियाची. मानिसालेस नावाचे डोंगरातले गाव, भोवती कॉफीचे मळे. वय बावीस. बालवाडीची शिक्षिका व्हायचे तिच्या मनात होते. तिचे नाव इथे लिहीत नाही. तिला विचारलेले नाही. तिने आधी मुलांना त्यांची नावे विचारली आणि ती दोनदा म्हणून पाहिली. नातीच्या नावातला 'ळ' काही तिला जमेना. नातीने तिला तो सात वेळा शिकवला. सूनबाईने टेबलाखालून माझा हात दाबला. ठरले, असे मला वाटले.

शेवटी चिरंजिवांनी विचारले, "तुला काही विचारायचंय?" ती म्हणाली, "घरात खोल्या चार आहेत असं तुमच्या माहितीपत्रात लिहिलंय. मग माझी खोली कुठली? आणि आजी कुठं झोपतात?"

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कारण चौथी खोली माझी होती. 'माझी' म्हणजे मी गेले की रिकामी राहणारी. पण कपाटात माझी लुगडी, खिडकीत माझी तुळस, उशाशी माझ्या देवांचा डबा. मी घाईघाईने म्हणाले, "मी नातीपाशी झोपेन. माझं काय!" चिरंजिवांनी त्याचे इंग्रजी केले. ती मुलगी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आजींची खोली घ्यायला मला बरं वाटत नाही. पण दार असलेली खोली मला हवी."

दार असलेली खोली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता १९८६ सालचे सांगते. आम्ही तेव्हा ठाण्याला दोन खोल्यांत राहत होतो. चिरंजीव आठ वर्षांचे, त्यांची बहीण पाच वर्षांची, सासूबाईंचा अर्धांगवायूने एक हात गेलेला. मला सकाळी आठ बाराची गाडी गाठायची असे. माणूस मिळत नव्हते. शेवटी जावेच्या माहेरच्या ओळखीने रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक मुलगी आली. वडील तिला पोहोचवायला आले होते. त्यांनी चहा घेतला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमचीच समजा." ती अकरा वर्षांची होती. चौथी पास झाली होती.

ती आमच्याकडे साडेतीन वर्षे राहिली. सासूबाईंना न्हाऊ घालायची, मुलांना शाळेत पोहोचवायची, आणायची. दोन्ही दप्तरे तिच्या खांद्यावर, दोन्ही मुले तिच्या दोन हातांना. पाणी भरायची, तांदूळ निवडायची. तिला मारझोड कधी झाली नाही. दिवाळीला परकर-पोलके मिळे, आजारी पडली तर डॉक्टर. महिना साठ रुपये मी तिच्या वडिलांना मनिऑर्डरने धाडीत असे. एक महिना चुकवला नाही. या गोष्टीचा मला पुष्कळ वर्षे अभिमान होता. शेजारणी म्हणत, "अगदी घरच्यासारखी ठेवलीय हो!" घरच्यासारखी! ती झोपायची स्वयंपाकघरात, मोरी आणि दार यांच्यामधल्या जागेत, सतरंजीवर. रात्री कोणी पाणी प्यायला उठले तर तिला ओलांडून जावे लागे. जेवायची सगळ्यांच्या मागून. तिची ताटली आणि पेला मोरीच्या कट्ट्यावर वेगळा असे. तो तिथे ठेवा, असे मी कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. तो तिथे असे.

सुट्टी? सुट्टी कसली! ती तर घरातच होती.

त्याच १९८६ साली आपल्याकडे बालमजुरीचा कायदा झाला. पण त्याने बंदी घातली ती ठरावीक धंद्यांना. घरकामाचे नाव त्या यादीत यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हापासून चौदा वर्षांखालील मूल घरकामाला ठेवणे गुन्हा झाला. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने बंदी सर्वच कामांना लागली. २००६ सालची ती बातमी मी वाचली होती. वाचून मी आमच्या ह्यांना म्हणाले होते, "बरं झालं. लोक फार छळतात हो पोरींना." लोक!

ऑगस्टच्या अखेरीस कोलंबियाची मुलगी आली. त्याआधी संस्थेच्या एक बाई घर पाहून गेल्या होत्या. खोलीची खिडकी, कपाट, दार सगळे त्यांनी पाहिले. दार तर स्वतः लावून पाहिले. पहिल्या संध्याकाळी चिरंजीव तिला घेऊन आले, मुलांनी तिची बॅग ओढत वर नेली. मी खाली टेबल मांडत होते. साधे वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळ्या आणि शिरा केला होता. नवीन माणूस घरात आले होते. गोडाशिवाय कसे चालेल? मी ताटे काढली, वाट्या लावल्या. ती मुलगी खाली आली आणि कोणी न सांगता पेल्यांत पाणी भरू लागली.

नातू हिशेबाला पक्का, माझ्यावर गेलेला. तो म्हणाला, "आजी, सहा हवीत. तू पाचच मांडलीस."

मी म्हणाले, "अरे, तिला नंतर—"

वाक्य तिथेच तुटले. ती मराठी होते, तिला ते कळले नाही. पण ताटे मोजायला कुठे भाषा लागते? पाण्याचा तांब्या हातात धरून ती उभी राहिली. तिने सहावा पेला भरलेला होता, आणि त्या पेल्यापुढे ताट नव्हते. सूनबाई चटकन उठली, पण त्याआधी चिरंजीव उठले. त्यांनी कपाटातून ताट काढले, स्वतः पुसले आणि माझ्या शेजारी मांडले. मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मी सदतीस वर्षांनी अमेरिकेत येऊन, नियमांचे बाड दोनदा वाचून, हिशेब तपासून, खोली रिकामी करून दिली होती. पण हात जुनाच होता.

पुढचे पाच-सहा आठवडे आम्ही एका घरात राहिलो. मुलांनी तिला नावाने हाक मारायची ठरवली होती, मी म्हणाले, "बावीस वर्षांच्या मुलीला नावाने? ताई म्हणा." तिला अर्थ सांगितल्यावर ती खूष झाली. तिने मला 'आजी' म्हणायला सुरुवात केली. तिच्या भाषेत आजीला 'आबुएला' म्हणतात. रविवारी ती मक्याच्या पिठाच्या जाड चकत्या तव्यावर भाजायची; त्यांना 'आरेपा' म्हणतात. मी एक हातात घेतली आणि म्हणाले, "ही तर आमच्या भाकरीची धाकटी बहीण!" मग मी तिला तांदळाची भाकरी थापून दाखवली. तिची पहिली भाकरी कोलंबियाच्या नकाशासारखी झाली, असे नातीने जाहीर केले.

सगळे गोडच होते असे मात्र नाही. एका शुक्रवारी सूनबाईची बैठक लांबली. तिने फोन करून दोन तास जास्त थांबायला सांगितले. पुढच्या आठवड्यात तसेच पुन्हा झाले. त्या मुलीने काही न बोलता एक वही काढली आणि सूनबाईपुढे ठेवली. तिच्यात तास लिहिलेले होते. त्या आठवड्याचे बत्तीस भरले होते. सूनबाईचा चेहरा उतरला. ती वाईट नाही हो, दमलेली असते. रात्री मला म्हणाली, "आई, मी तिला बहिणीसारखी वागवते, आणि ती तास मोजते!" मी म्हणाले, "मोजू दे. जी मोजत नाही, तिचे तास कोणीच मोजत नाही." हे मी कुठल्या अनुभवाने बोलले ते तिला माहीत नव्हते.

आणि ही वही उगाच नव्हती. 'बरोबरी' या शब्दाआड तिकडेही पुष्कळ घरांनी स्वस्तात मोलकरीण मिळवली आहे. ठरल्यापेक्षा जास्त राबवले, घरभराचे काम करून घेतले, अशा तक्रारी मुलींनी केल्या. कमी पैशांबद्दल त्या कोर्टातही गेल्या, आणि २०१९ च्या जानेवारीत १५ संस्थांनी मिळून ६ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तो खटला मिटवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्स राज्याचे किमान वेतन या मुलींनाही लागू आहे, असा निकाल वरच्या न्यायालयाने दिला. तेव्हा नियम छापले म्हणजे बरोबरी झाली असे नाही. पण नियम असला म्हणजे वही उघडून समोर ठेवता येते. आमच्या घरातल्या अकरा वर्षांच्या पोरीपाशी अशी वही नव्हती. वही माझ्यापाशी होती.

निघायच्या आदल्या रात्री मी चिरंजिवांना विचारले, "तुला आपल्याकडची ती आठवते का रे?" कोण, ते विचारायची त्यांना गरज पडली नाही. म्हणाले, "मला पाढे तिनं पाठ करून घेतले. शाळेतून येताना रस्त्यात. एकोणिसाचा पाढा मला येत नसे, तो तिला येत असे." मी म्हणाले, "मला कधी बोलला नाहीस." ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस, आई."

भारतात परतल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढवली. हिशेबाच्या वह्या मी टाकत नाही. १९८६ ते ८९ ची वही सापडली. दूध, वाणी, मुलांची फी, लाईट बिल आणि दर महिन्याला एक ओळ : 'पोर – म. ऑ. – ६०'. वडिलांचे नाव आणि गाव होते, पोस्टही होते. तिचे नाव एकाही पानावर नव्हते. साडेतीन वर्षे 'पोर'.

जावेच्या माहेरच्यांनी शोध लावून दिला. ती आता कोकणातच, सासरच्या गावी आहे. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवते. मुलगी परिचारिका झाली, मुलगा रिक्षा चालवतो. मी फोन केला तेव्हा तिने आवाज ओळखला. "वहिनी!" म्हणाली. सासूबाईंची, मुलांची, ह्यांची चौकशी केली. हे गेल्याचे ऐकून थोडी थांबली. मग मी, जे बोलायचे ठरवले होते, ते अडखळत बोलले : झोपायच्या जागेचे, वेगळ्या ताटलीचे, सुट्टीचे.

ती म्हणाली, "त्याचं काय वहिनी! आमच्या घरी तरी कुठं खाट होती? तुम्ही हात उगारला नाहीत, पोटाला कमी केलं नाहीत. ते काही माझ्या मनात नाही." मला सुटल्यासारखे वाटले. मी काही बोलणार एवढ्यात तीच म्हणाली, "शाळेच्या दाराशी मात्र रोज दोनदा जायची मी. आत कोणी घातलं नाही, तेवढं राहिलं."

हे ती रागाने म्हणाली नाही. भाजीत मीठ राहिले, असे सांगावे तसे म्हणाली. मी क्षमा मागितली. ती "असू दे" म्हणाली. असू दे म्हणजे काय, ते मी अजून ठरवलेले नाही.

कोलंबियाच्या मुलीने पहिले वर्ष पुरे करून आणखी नऊ महिने वाढवून घेतले. जवळच्या कॉलेजात बालशिक्षणाचे वर्ग केले आणि २०२५ साली ती घरी परतली. निघताना तिने मुलांना मिठ्या मारल्या, नातीचे नाव 'ळ'सकट अचूक म्हटले. खोली पुन्हा रिकामी झाली आहे. सूनबाई पुन्हा संगणक उघडून बसली आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, माणूस मिळणं किती कठीण आहे!" मी म्हणाले, "मिळेल गं. आधी ताट काढून ठेव."

तुमच्याही घरी कोणी असेल. आता लहान मूल नसेल, नसावेच. पण आजोबांना सांभाळणारी बाई असेल, तान्ह्याला पाहणारी मावशी असेल, गावाहून आलेली अठरा-वीस वर्षांची मुलगी असेल. 'आमच्याकडे अगदी घरच्यासारखी आहे हो' असे म्हणण्यापूर्वी चार गोष्टी मनाशी विचारून पाहा : ती झोपते कुठे? जेवते कोणाबरोबर? तिचा सुट्टीचा वार कोणता? आणि आपल्याकडून जाताना ती आली होती त्याहून काय जास्त शिकून जाणार? मला या चार प्रश्नांची उत्तरे द्यायला सदतीस वर्षे लागली, आणि चौथ्याचे उत्तर मी देऊ शकले नाही.

गेल्या दिवाळीला मी तिला फराळाचा डबा पोस्टाने धाडला. आठ दिवसांनी तिकडून पार्सल आले. आत आमसुले, कुळथाचे पीठ आणि एक फणसपोळी होती. पोस्टातली सवय म्हणून मी आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. तिने स्वतःच लिहिला होता. अक्षर टपोरे, एकेक वळण जपून काढलेले. नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. तिचे पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचले.

मी ती जुनी वही काढली. पहिल्या पानावर 'पोर' या शब्दापुढे थोडी जागा होती, तिथे ते नाव लिहिले. मग दुसऱ्या महिन्याच्या ओळीपुढे लिहिले, मग तिसऱ्या. साडेतीन वर्षांच्या बेचाळीस ओळी आहेत. रोज थोड्या थोड्या लिहिते आहे.